खुर्चीपुरती जागा

बरुआसागर
गुरुवार, १० नोव्हेंबर १९५५

चि. सौ. बकुळास,

आशीर्वाद. तुला, यशवंतला आणि विजूला मिळून एकच. तिघांत वाटून घ्या, तुमच्या क्वार्टरात तसंही जास्त ठेवायला जागा नाही.

मी पोचले. मानिकपूरच्या पॅसेंजरला फार गर्दी नव्हती. शेजारी एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन बसली होती, तिनं सरकून मला जागा दिली. कोंबड्यांनीही तक्रार केली नाही. स्टेशनावर वामन बैलगाडी घेऊन आला होता. माझा धाकटा भाऊ, पण आता माझ्याहून म्हातारा दिसतो. शेतातलं आलं काढायला झालंय आणि त्याच्या बायकोला, पार्वतीला, एकटीला ते झेपत नाही, म्हणून मी भावाकडे आले. दुसरं काही कारण नाही. यशवंतनं विचारलं तर हेच सांग. त्यानं नाही विचारलं तरी सांग.

खुर्चीचं काय ठरलं? मी पोरं वाढवली ती मांडीवर. मांडीवरून उतरली की पाटावर. जेवण झालं की पाट भिंतीला टेकवून ठेवायचा, त्याला जागा लागत नाही आणि त्याच्यापायी कुणाला उठावं लागत नाही. सात महिन्यांच्या पोरीला दोन फूट उंचावर बसवायचं आणि पुढं फळी लावून खाऊ घालायचं, हे मी गोऱ्या ड्रायव्हरांच्या बंगल्यांत पाहिलं होतं. तेव्हा मला वाटायचं, ह्यांच्या बायकांना मांड्या नसतात की काय.

असो. माझं अंथरूण मी गुंडाळून माळ्यावर टाकून आले आहे. कोपरा मोकळा आहे. तिथं खुर्ची ठेवा नाहीतर हत्ती बांधा.

पत्रातली जोडाक्षरं समजून घे. दुसरीत शाळा सुटली, ती काय परत भरली नाही.

अंबिका


झाशी
१६ नोव्हेंबर १९५५

ती. आईंस बकुळाचा नमस्कार.

पत्र मिळालं. विजू तुम्हाला शोधते. तुमच्या कोपऱ्यापर्यंत रांगत जाते, तिथं बसते, भिंतीवर हात मारते आणि परत येते. दिवसातून चार वेळा हाच प्रवास.

आई, खुर्ची मी हौसेनं मागितलेली नाही. तुमच्या मांडीवर ती जेवायची म्हणून माझा स्वयंपाक व्हायचा. आता मी पोळ्या लाटायला बसले की ती थेट अँगीठीकडे येते. परवा तापलेला चिमटा खाली ठेवला होता, तिनं तो धरला. बोटांवर दोन फोड आले. आता बरे आहेत. पण मी काय करू? तिला खाटेच्या पायाला बांधू?

तीन खुर्च्या समोर आहेत. एक सदर बाजारातल्या दुकानात, वेताची, उचलायला हलकी. दुसरी रिटायर झालेल्या एका गार्डसाहेबांच्या घरची. ते घर आवरून मुलाकडे चालले आहेत. ती शिसवी आहे, पितळी खिळ्यांची, पायांना चाकं. तिसरी ह्यांनी घरी करायची. आगगाडीच्या जुन्या डब्याचं सागवान व्हरांड्यात आणून ठेवलंच आहे.

पण हे आता करायचं नाही म्हणतात. तुम्हाला ठाऊक आहे ना ह्यांची पद्धत? वर्कशॉपात डब्याची खिडकी करायची असली तरी आधी जमिनीवर खडूनं खऱ्या मापाचं चित्र काढतात आणि मग लाकडाला हात लावतात. तसंच तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारभर गुडघ्यांवर बसून ह्यांनी तुमच्या कोपऱ्यात चित्र काढलं होतं. सोमवारी संध्याकाळी कामावरून आले तर चित्र नाही. मला म्हणाले, "फरशी पुसलीस?" मी म्हटलं, पुसली, पण तेवढा कोपरा सोडून. ते म्हणाले, "मग काय उंदरांनी पुसलं?" तेव्हापासून जेवायला वाढ, पाणी दे, एवढंच बोलतात.

चित्र कशाचं होतं ते मी आत्ता सांगत नाही. ह्यांनी शपथ घातली आहे.

तुम्ही कधी येता?

बकुळा


बरुआसागर
२२ नोव्हेंबर १९५५

बकुळा,

आधी पोरीच्या बोटांना तूप लावत जा. आणि चिमटा वर ठेवायला खिळा मार. तुझा नवरा आगगाडीचे डबे सांधतो, त्याच्या घरात एक खिळा नसावा?

खुर्चीचं विचारलंस म्हणून सांगते. वेताची घेऊ नकोस. हलकी म्हणजे आपल्याला उचलायला हलकी, तशी पोरीला उलटवायलाही हलकी. पोर मागं रेलून पाय झाडतं, तेव्हा खुर्चीचे पाय खाली फाकलेले नसले तर ती पोरासकट पालथी होते. गार्डसाहेबाची भारी आहे खरी, पण बंगल्यातली वस्तू बंगल्यातच बरी. आपलं स्वयंपाकघराचं दार तेवीस इंच आहे. मी पाण्याचं पिंप आत घेताना मोजलंय. खुर्चीचे पाय त्याहून रुंद असणार. म्हणजे पोर एका खोलीत आणि आई दुसऱ्या खोलीत. मग ती खुर्ची काय कामाची?

यशवंतला म्हणावं, तूच कर. बसायची जागा नऊ इंच रुंद, कडा घासून गुळगुळीत. पुढची फळी उचलता येणारी, नाहीतर सांडलेला वरण-भात फटीत राहून आंबेल. कमरेला अडकवायला मऊ पट्टा. आणि खुर्ची भिंतीला कडीनं अडकली पाहिजे, म्हणजे उलटणार नाही.

खडूच्या खुणा पुसल्या तर पुसल्या. खडू तो. पुन्हा मारायला काय लागतं? पुरुषमाणसाला रुसायला काहीतरी हवं असतं.

आलं अजून निम्मं जमिनीत आहे. एवढ्यात येत नाही.

अंबिका


झाशी
४ डिसेंबर १९५५

ती. आईंस नमस्कार.

तुमचं सगळं खरं निघालं. गार्डसाहेबांची खुर्ची दोन दिवस बघायला आणली. दारात अडकली, आत येईना. आडवी केली, तिरकी केली, शेवटी तिथंच ठेवली आणि मी दोन दिवस तिला ओलांडून जात होते. वेताची शेजारच्यांकडून मागून आणली. विजूनं पाय झाडले आणि ती मागं गेली. मी धरली, तरी डोक्याला टेंगूळ आलंच. दोन्ही परत केल्या.

ह्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. नऊ इंच ऐकून हसले. महिन्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, मग करा ना. तर म्हणाले, "ज्या घरात माझ्या आईची जागा पुसून टाकतात, त्या घरात मी रंधा मारणार नाही."

म्हणून आता शपथ मोडते.

ते चित्र खुर्चीचं नव्हतं आई. तुमच्या खाटेचं होतं. साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद, गुडघ्याइतकी उंच, म्हणजे तुम्हाला फरशीवरून उठताना भिंत धरावी लागू नये. खाली कप्पा, त्यात तुमची पेटी. आणि उशाशी, खाटेच्या कडेला कडीनं अडकवलेली विजूची खुर्ची. तुम्ही खाटेवर बसून तिला भरवायचं, असं हे म्हणत होते. "आईचं अंथरूण हलवलं की दोन्ही बसेल," असं रविवारी मला दाखवत होते. तुम्ही तेव्हा बाहेर चबूतऱ्यावर लसूण सोलत होता.

ह्यांना वाटतं, मला तुमची खाट घरात नको म्हणून मी ते पुसलं. मी शपथ घेतली, रडले, पण ह्यांच्या मनातून जात नाही. "घरात तू आणि आई, दोघीच होतात. आई का पुसेल?" हे त्यांचं उत्तर.

आई, सोमवारी मी नळावर पाणी भरायला गेले तेव्हा तुम्ही घरात होता. तुम्ही निघालात तेव्हा चित्र होतं की नव्हतं, एवढं ह्यांना एका ओळीत लिहा. दुसरं काही मागत नाही.

बकुळा


बरुआसागर
१३ डिसेंबर १९५५

बकुळा,

पत्र मिळालं. पार्वतीला खोकला धरलाय, आल्याचा काढा देते आहे. आल्याच्या शेतात राहून खोकला व्हावा, म्हणजे नशीबच.

तू विचारलंस त्याचं असं की निघण्याच्या गडबडीत फरशीकडे कोण बघतं? गाडीची वेळ झाली होती. माझे डोळे तसेही अधू आहेत. असेल, नसेल. नवरा-बायकोच्या बोलाचालीत मला ओढू नकोस. चार दिवसांत तुमचं तुम्ही विसराल.

विजूच्या टेंगळावर हळद लाव.

अंबिका


झाशी
३० डिसेंबर १९५५

आई,

नमस्कार. बकुळा विजूला घेऊन भुसावळला माहेरी गेली आहे. विश्रांतीला. थंडी संपली की येईल. मी तिला सांगितलं होतं, जायचं तर जा. तिनं ट्रंक भरली.

वर्कशॉपात काम खूप आहे. सकाळचा भोंगा झाला की जातो, संध्याकाळी येतो, खिचडी टाकतो. घर एकदम मोठं वाटतं. पूर्वी म्हणायचो, हलायला जागा नाही.

लाकूड व्हरांड्यात ताडपत्रीखाली आहे. करायचं मनात नाही.

तुझं आलं संपलं असेल तर ये. नसेल तर राहू दे.

यशवंत


झाशी
१९ फेब्रुवारी १९५६

चि. सौ. बकुळास,

ह्या पत्राला वर आशीर्वाद लिहायची मला लाज वाटते, म्हणून शेवटी लिहीन. तिथपर्यंत वाचलंस तर घे.

मी परवा झाशीला आले. यशवंत कामावर होता, कुलूप होतं. शेजारणीकडून किल्ली घेतली. घरात गेले आणि आधी कोपरा पाहिला. फरशी स्वच्छ आहे. पण दगडांच्या सांध्यात पांढरं राहिलंय. सरळ रेघ, मग काटकोन, मग पुन्हा रेघ. ओल्या फडक्यानं वरचं जातं, सांध्यातलं जात नाही. मला तेव्हा दिसलं नव्हतं.

बकुळा, ते मी पुसलं.

चबूतऱ्यावर लसूण सोलताना मला तुमचं बोलणं ऐकू आलं. सगळं नाही. "आईचं अंथरूण हलवलं की बसेल," एवढंच आलं. त्याआधीचं आलं नाही, नंतरचं ऐकायला मी थांबले नाही. मी उठून मागं न्हाणीत गेले आणि मुद्दाम भांडी आपटत बसले. खुर्चीची चर्चा आठवडाभर चालली होती. मला वाटलं, झालं, पोरीच्या खुर्चीसाठी मला उचलणार. रात्री चित्रावरच अंथरूण घातलं. त्या रेघा पाठीला टोचत होत्या. खडू टोचत नाही हे मला कळतं. तरी टोचत होत्या.

सकाळी तू नळावर गेलीस. मी फडकं भिजवलं, गुडघे टेकले आणि पुसून काढलं. मनात म्हटलं, घ्या तुमची जागा. मग अंथरूण माळ्यावर टाकलं आणि आल्याचं निमित्त करून गेले. वामननं मला बोलावलेलं नव्हतं. गाडीही त्याला दुसऱ्याच कामानं स्टेशनावर आणायची होती. मला पाहून तो म्हणाला, "जिजी, तू कुठं?"

हे इथवर रागाचं झालं. राग मला कळतो, त्याची मला फार लाज नाही. लाज पुढची आहे. तू डिसेंबरात लिहिलंस, ते माझ्या खाटेचं चित्र होतं. मी ते पत्र तीनदा वाचलं. माझ्या आयुष्यात झंपराचं सोडून माझं माप कुणी घेतलं नव्हतं. आणि ज्यानं घेतलं, त्याचं मी पुसलं. हे कसं लिहू? मला वाटलं, एक-दोन दिवस भांडतील, मग मिटेल. खोकला आणि काढा लिहून पाठवलं. तू एक ओळ मागितली होतीस.

काल जेवताना यशवंतला सांगितलं. तोंडातला घास त्याच्या तोंडातच राहिला. मग त्यानं तो गिळला आणि म्हणाला, "ताक वाढ." मी वाढलं. हात धुवून तो व्हरांड्यात गेला आणि ताडपत्री काढली. तासभर लाकडाशी बसून होता, रंधा हातात नव्हता. मी त्याला म्हटलं, अरे, तुझी आई खोटारडी निघाली, पण तूही काही कमी नाहीस. बायको रडून सांगत होती ते तुला ऐकू आलं नाही? तो म्हणाला, "मला वाटलं, तू असं करणार नाहीस." मी म्हटलं, मग तिच्याबद्दल का वाटलं? तो तुला लिहील म्हणतो. त्याच्या हाताला पत्राची सवय नाही, थोडी कळ काढ.

तू ये. पोरीला घेऊन ये. मी बरुआसागरला जाईन. तुला मी घरात नको असेन तर ते बरोबरच आहे.

आता आशीर्वाद. विजूला वेगळा.

अंबिका


भुसावळ
२५ मार्च १९५६

ती. आईंस नमस्कार.

पत्र मिळून महिना झाला. तीन वेळा लिहायला बसले.

मला ठाऊक होतं, आई. तुम्ही निघताना मी तुमची पेटी दारापर्यंत आणली, तेव्हा तुमच्या पदराचं टोक ओलं होतं आणि त्याला खडू लागला होता. मी झटकणार होते. हात पुढे केला आणि मागे घेतला. मला वाटलं, तुम्हाला खाटेचं कुठून तरी कळलं असेल आणि ती नको असेल. माझ्या हातचं, माझ्या घरातलं काहीच नको असेल. म्हणून विचारायचं धाडस झालं नाही.

ह्यांना मी तुमचं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मानलं नसतं. आणि मानलं असतं तर मग तुमच्याकडे त्यांनी कसं पाहिलं असतं, ते मला पाहायचं नव्हतं. म्हणून तुम्हाला विचारलं, चित्र होतं की नव्हतं. मला वाटलं, एवढं सोपं करून विचारलं तर तुम्ही सांगाल.

ह्यांचं पत्र आलं. चार ओळी. चारही चांगल्या आहेत. पण मी एवढ्यात येत नाही. इथल्या रेल्वेच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची जागा मिळाली आहे आणि मी ती घेतली आहे. हे इथं बदली मागणार आहेत. इथला एक मिस्त्री झाशीला जायला तयार आहे, आपसात बदली होईल.

विजू चालायला लागली. चार पावलं टाकते आणि बसते. माझ्या वडिलांच्या मांडीवर बसून जेवते. खुर्ची लागली नाही.

बदली झाली की तुम्हीही इथं या. क्वार्टर एका खोलीचंच मिळेल, पण जागा करू.

बकुळा


बरुआसागर
९ सप्टेंबर १९५६

चि. सौ. बकुळास,

यशवंत तुमच्याकडे पोचला असेल. क्वार्टर सोडताना त्यानं मला दोनदा विचारलं, "आई, चल." मी म्हटलं, भुसावळला काय आहे, केळी आणि ऊन. हे बोलून गेले आणि लगेच वाटलं, पुन्हा एकदा विचारील तर हो म्हणावं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. माझाच मुलगा तो, दोन वेळा पुरे झालं म्हणणारा. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला. त्याला वाटलं, निरोप देतेय. मी थांब म्हणत होते.

खरं सांगते, तू "जागा करू" लिहिलं होतंस, ते मनापासून असेल. पण जी जागा एकदा केली होती ती मी माझ्या हातानं पुसली. आता दुसरी मागायला मला तोंड नाही.

खाट आणि खुर्ची त्यानं जाण्याआधी पुरी केली. करायच्या आधी पुन्हा फरशीवर चित्र काढलं. मी चार दिवस त्या खोलीत केर काढला नाही, पाणी सांडू दिलं नाही, दारात बसून राहिले. शेजारीण म्हणाली, "अम्माजी, कोई पूजा बैठाई है का?" मी म्हटलं, तसंच समज.

दोन्ही वस्तू मालगाडीनं इथं आल्या. तुमच्याकडे एका खोलीत त्या मावणार नाहीत असं यशवंत म्हणाला, आणि तू लिहिलंच होतंस की खुर्ची लागली नाही. इथल्या स्टेशनावरचा माल बाबू खुर्चीभोवती फिरून म्हणाला, "अम्माजी, ये कुर्सी किस लाट साहब की है?" मी म्हटलं, मेरी नातिन की है, हाथ मत लगाना.

चांगली केली आहे. नऊ इंच. कडा अशा घासल्यात की गालावर फिरवून पाहाव्यात. फळी उचलते. पट्ट्याला त्यानं गाडीच्या खिडकीचा जुना चामडी पट्टा लावलाय, तेल देऊन मऊ केलेला. खाटेला कडीनं अडकते, हलवली तरी हलत नाही. वामननं हलवून पाहिली, पार्वतीनं पाहिली, मी रोज पाहते.

खाटेवर मी निजते. गुडघ्यांना बरं वाटतं. बरं वाटतं ह्याचाच त्रास होतो.

पार्वतीनं खुर्चीच्या फळीवर लसूण वाळत घातला होता. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. मग मलाच हसू आलं, पण लसूण काढायला लावला.

विजूची उंची किती झाली? नुसत्या इंचांतून पोर माझ्या डोळ्यांपुढं उभं राहत नाही. सुतळीचा तुकडा टाचेपासून डोक्यापर्यंत धर, गाठ मार आणि पाठव.

अंबिका


भुसावळ
२८ मे १९५७

ती. आईंस नमस्कार.

सुतळी मागवून आठ महिने झाले. राग नव्हता. शाळा, घर, ह्यांचा मलेरिया, आणि थोडा रागही. आता पाठवते. विजू एका जागी उभी राहत नाही, म्हणून गाठ एक-दोन बोटं इकडेतिकडे असेल. गाठ तिला स्वतः मारायची होती. एक तिची आहे, सैल. घट्ट आहे ती माझी.

तिला सांगितलं, ही आजीला पाठवायची. तिनं विचारलं, "कोन आजी?" माझी आई समोर बसली होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही?" मी म्हटलं, नाही, दुसरी. हे जेवत होते, ते पानावरून उठले.

दिवाळीत ह्यांचा पास निघेल. येऊ असं ठरवतो आहोत.

बकुळा


बरुआसागर
६ जून १९५७

चि. सौ. बकुळास,

सुतळी मिळाली. डाकियाला वाटलं, पाकिटात राखी आहे. म्हणाला, "अम्माजी, इतनी जल्दी?"

घरात कुणी नसताना खुर्चीला लावून पाहिली. एक टोक पाय ठेवायच्या फळीवर धरलं आणि सुतळी वर नेली. पाठीचा वरचा कठडा आला, संपला, सुतळी त्याच्यावर वीतभर गेली. मग सैल गाठ धरून पाहिली, तरी चार बोटं वर. बसली तर गुडघे पुढच्या फळीला लागतील. नऊ इंचांत आता तिची नुसती मांडी मावेल.

पोर वाढलं, बरं झालं. खुर्ची तेवढीच राहिली. लाकूड आहे ते.

"कोन आजी" हे तिनं बरोबर विचारलं. तिला रागावू नकोस आणि माझा फोटो दाखवून पाठ करून घेऊ नकोस. यशवंतला म्हणावं, पानावरून उठायला तुला कुणी सांगितलं होतं, अन्न टाकू नये.

खुर्ची मी खाटेपासून काढली. कडी तशीच ठेवली. वामनच्या सुनेला सातवा लागलाय, तिच्या पोराला देऊ का, असं पार्वतीनं विचारलं. मी आधी नाही म्हटलं. मग दुपारभर खाटेवर बसले आणि संध्याकाळी म्हटलं, ने. फक्त लसूण नको वाळवू. एकदा एका पोराची जागा मी अडवली, ती पुरे झाली.

दिवाळीत या. पास निघाला नाही तर तिकीट काढून या. आलात की विजूला जेवताना बसायला काय लागेल म्हणशील, तर पाट काढून घासून ठेवलाय. यशवंत ज्यावर बसायचा तोच. अखेर पाटावरच आलं, मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. पण खरं निघाल्याची आता काही मजा येत नाही.

पाट माझ्या समोर मांडीन. ती माझ्याकडे बघणार नाही, तुझ्या पदरामागे जाईल. जाऊ दे. मी काही बोलणार नाही. भरवायलाही जाणार नाही, तिला आता स्वतःला जेवता येत असेल. वाढीन तेवढं.

सुतळी खाटेच्या कडीला बांधली आहे. दोन्ही गाठी आहेत तशाच ठेवल्यात. येताना नवी सुतळी आणू नकोस. माप मी इथंच घेईन. तिनं उभं राहू दिलं तर.

तुला आणि विजूला वेगवेगळे आशीर्वाद. यशवंतला उरलेला.

अंबिका